काळ्या सुटाला लाल दोरा

सिनेमात काय केलंत, असं कोणी विचारलं की मी खरं तेच सांगते. बसले. सकाळी सातला सेटवर जायचं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि कोणाची तरी शिवण उसवायची वाट बघायची. ‘मावशी’ अशी हाक आली की सुईदोरा घेऊन पळायचं, चार टाके घालायचे आणि परत येऊन बसायचं. एवढ्या वर्षांत धावपळ म्हणाल तर थोडीच झाली, बाकी सगळं बसणं. त्या बसण्याने कंबर गेली आणि काळ्या कापडाने डोळे. आता सुईत दोरा ओवायला शेजारच्या सुशीलाला हाक मारावी लागते.

मी मूळची साधी शिवणवाली. खालापूरला तहसील कचेरीसमोर माझं एका शटरचं दुकान होतं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, साडीला फॉल-पिको. कर्जतकडे स्टुडिओ उभा राहिला तेव्हा एक दिवस एक माणूस धापा टाकत दुकानात आला आणि म्हणाला, चाळीस मावळ्यांचे अंगरखे आखूड झालेत, संध्याकाळपर्यंत लांब करून द्याल का? मी विचारलं, मावळे वाढले की कापड आटलं? त्याला हसायला वेळ नव्हता. अंगरखे मी दिले, आणि तेव्हापासून जी अडकले ती अगदी परवा-परवापर्यंत. सेटवर माझं नाव कोणालाच माहीत नाही. दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची मी मावशी.

या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, नटनट्यांच्या गमती लिहा. माझ्याकडे त्या फारशा नाहीत. नट मला गळा, छाती, कंबर, बाही एवढाच माहीत. एका हिरोची तेवढी आठवण आहे. शर्टाखाली पीळदार अंग दिसावं म्हणून त्याला स्पंजची छाती करून द्यायची होती. मी दिली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, अर्धा इंच वाढवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. आठवडाभरात त्याला हात खाली सोडता येईनात. ती छाती घामाने भिजायची म्हणून मी घरी आणून धुवायची आणि कुंभिवलीला आमच्या दारातल्या दोरीवर वाळत घालायची. घर हायवेला लागून. सुशीला विचारायची, “ह्ये काय गं टांगलंस?” मी म्हणायची, “हिरो.” पुढे पुढे प्रॉडक्शनचा माणूस ती न्यायला आला की तीच त्याला सांगायची, “थांबा जरा, तुमचा हिरो अजून ओला हाय.”

दिग्दर्शक मात्र मला ओळखता येतो. तो कॅमेऱ्यामागे काय बोलतो ते मला कळत नाही, पण कपड्याला आणि कपड्यातल्या माणसाला हात कसा लावतो त्यावरून पुष्कळ कळतं. हे मी कधी कोणाला शहाणपण म्हणून सांगितलं नव्हतं. यंदा ते सांगायची पाळी आली, आणि तेच लिहायला बसले आहे.

आंबे संपता संपता शिरीष घरी आला. शिरीष म्हणजे मोठ्या साहेबांचा माणूस, आणि मोठे साहेब म्हणजे निर्माते, ज्यांचे बहुतेक सगळे पिक्चर मी शिवले. साहेब आता थकलेत, सगळं शिरीषच बघतो. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. डोक्यापासून पायापर्यंत काळा माणूस, डोळ्यांच्या जागी दोन फटी.

“सुपरहिरो आहे, मावशी. पण डार्क.”

“काळा आहे ते दिसतंय मला.”

“रंगाने नाही हो, स्वभावाने. म्हणजे तो लोकांना वाचवतो, पण स्वतः सुखी नसतो. पूर्वी त्याच्या हातून एक चूक झालेली असते. एका माणसाच्या जिवावर बेतलेलं असतं. ते त्याला खात असतं.”

“मग मुखवटा कशाला घालतो? तोंड लपवायला?”

“तसंच काहीतरी,” शिरीष म्हणाला आणि त्याने चहा संपवला. मग खरी गोष्ट काढली. हा पिक्चर कोणाकडे द्यायचा यावर साहेबांचं आणि त्याचं अडलं होतं. तीन दिग्दर्शकांची नावं होती. तिघांचेही पिक्चर इकडेच झालेले, तिघांचेही कपडे मी केलेले. नावं इथे लिहीत नाही. सेटवर मी मनातल्या मनात त्यांना जी नावं ठेवली होती तीच लिहिते. एक उजेडवाले, दुसरे नंतरवाले, तिसरे धूरवाले.

“साहेबांच्या मनात धूरवाले आहेत,” शिरीष म्हणाला. “पण तो अपघात झालेला. साहेब म्हणतात, मावशी त्या दिवशी तिथे होत्या, त्यांना विचार. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. बारा वर्षांत धूरवाल्यांना कोणी मोठा पिक्चर दिलेला नाही. हा गेला तर पुढे कोणी देईल असं वाटत नाही.”

मी दोन दिवस मागून घेतले. विचार करते म्हणाले. शिरीष गेल्यावर मी मशिनवर बसून राहिले, पायडल न मारता.

आधी काळ्या रंगाबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं, काळं म्हणजे काळं. शिवणाऱ्याला ते तसं परवडत नाही. सॅटिन काळं असलं तरी दिव्याखाली चकाकतं आणि कॅमेऱ्यात पांढरं दिसतं. मखमल उजेड पिऊन टाकते, त्यात माणसाला हात आहेत की नाहीत ते कळत नाही. रेक्झिन वाकलं की त्याला सुरकुत्या पडतात आणि हिरो सोफ्यासारखा दिसतो. सुती काळं दोन धुण्यांत तांबूस होतं. आणि पिक्चर जर सगळाच अंधारातला असेल, तर काळ्यावर काळा माणूस उभा करायचा असतो. तो दिसायला तर हवा, पण दिसतोय असं वाटता कामा नये. हे ज्याला कळतं त्याने असा पिक्चर करावा, एवढं साधं आहे ते.

उजेडवाल्यांना ते कळत नाही. माणूस सोन्यासारखा. विनोदी पिक्चर करतात. एकदा त्यांच्या पिक्चरमध्ये अस्वल होतं, म्हणजे अस्वलाच्या कातड्यातला माणूस. ते कातडं मी शिवलं होतं. शूटिंगच्या आधी उजेडवाल्यांनी ते स्वतः अंगात घातलं, दहा मिनिटं सेटवर फिरले, दोन स्पॉटदादांना मिठ्या मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, “यात माणूस दहा मिनिटांच्या वर राहणार नाही. लिहून ठेवा.” ते लिहून ठेवलं आणि पाळलंही. पण त्यांना अंधार सोसत नाही. कुठे सावली दिसली की तिथे एक दिवा लावतात. त्यांच्या हातात हा काळा हिरो दिला तर तो छत्रीसारखा दिसेल, आणि लोक हसतील. लोक हसले की ते खूश होतील, तो भाग वेगळा.

नंतरवाले तरुण आहेत. जाहिरातींतून आलेले. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, नंतर करू. म्हणजे कॉम्प्युटरवर. त्यांच्यासाठी मी एकदा हिरवा सूट शिवला, अंगभर पांढरे ठिपके. मी विचारलं, हे कुठलं पात्र? तर म्हणाले, राक्षस आहे, नंतर होईल. तो ठिपक्यांचा माणूस दिवसभर उन्हात उभा होता. त्याची पँट मांडीवर उसवली म्हणून मी धावले, तर म्हणाले, राहू द्या, नंतर शिवू. आता कॉम्प्युटर शिवायला लागल्यावर मी काय बोलणार? मी परत खुर्चीत येऊन बसले. वाईट माणूस नाही. पण त्यांच्या लेखी कपड्यात कोणी नसतंच.

राहिले धूरवाले. त्यांना सेटवर धूर लागतो, कारण धुरात उजेडाची पट्टी दिसते. सगळा स्टाफ खोकायचा आणि त्यांना शिव्या घालायचा. मीही घातल्या आहेत. पण मी नेलेले काळ्या कापडाचे नमुने हातात घेऊन मांडवाबाहेर सावलीत जाऊन, डोळे अर्धे मिटून बघणारा तो एकच दिग्दर्शक मला भेटला. तासभर बघत बसले. मग एक तुकडा निवडला, छत्रीच्या कापडाला मागून खरडून घेतल्यासारखा दिसणारा, आणि म्हणाले, “मावशी, हा दिसत नाही, पण आहे असं वाटतं.” मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्या कामातलं असं कोणाला कळलं की वाटतं तसं.

तोही काळ्या हिरोचाच पिक्चर होता. सेट होता खालापूरच्या पुढच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत. रात्रीचं काम दिवसा करायचं म्हणून सगळ्या खाणीवर बांबू टाकून काळं कापड ताणलं होतं. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत काळोख. सावली म्हणावी तर वारा नाही, बंद डब्यासारखं.

हिरो येऊन चार वाक्यं बोलून जायचा. धावणं, लटकणं, उडी मारणं हे सगळं डुप्लिकेटने करायचं, म्हणजे हिरोच्या अंगलटीचा दुसरा माणूस त्याच कपड्यात. आमचा डुप्लिकेट होता किसन. घाटातल्या ठाकुरवाडीचा. डोंगरावर वाढलेला, दोरीशिवाय कडा चढायचा. स्टंटवाल्यांनी त्याला एकदा झाडावर बघितलं आणि उचलून आणलं. मला येताना रानातली काही ना काही भाजी घेऊन यायचा, आणि मला ‘मावशे’ म्हणायचा.

सूट जाड रबराच्या कापडाचा होता, आत स्पंज, पाठीला चेन. त्या दिवशी धूरवाले कॅमेऱ्यातून बघून म्हणाले, “मावशी, पाठीवर पांढरी रेघ दिसते.” चेन चमकत होती. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. चेन काढून टाकायची आणि कपडा माणसाच्या अंगावरच शिवायचा. शॉट झाला की टाके कापून माणूस बाहेर काढायचा. मी किसनला मानेपासून कमरेपर्यंत दुहेरी नायलॉनच्या दोऱ्याने शिवला. मुखवटाही गळ्याशी शिवला. धूरवाले म्हणाले, “शॉट झाला की लगेच उघडा. तो आत भाजून निघेल.” हे त्यांनी मला सांगितलं, माझ्यासमोर उभं राहून. मी हो म्हणाले.

दोन शॉट झाले. जेवणाची सुट्टी झाली. धूरवाल्यांनी पुन्हा हाक दिली, “मावशी, किसनला सोडा,” आणि ते दिवे बघायला पलीकडे गेले. किसन माझ्याजवळ आला. मुखवट्यातून आवाज नीट येत नव्हता, पण शब्द कळले.

“मावशे, जरा सोड ना गं. जीव घाबरा होतोय.”

जेवणानंतर तोच शॉट पुढे होता. आता टाके कापायचे आणि अर्ध्या तासाने तेवढेच पुन्हा घालायचे. काळ्यावर काळा दोरा, डोळे आधीच दुखत होते. आणि खरं सांगायचं तर पोटात कावळे ओरडत होते. त्या दिवशी नेहमीच्या पनीरऐवजी बोंबलाचं कालवण केलेलं होतं, वास खाणीपर्यंत येत होता. मी म्हटलं, “बस तिथं दगडावर. दोन घास खाऊन आलेच.”

मी दोन घास खाल्ले. मग कालवण पुन्हा वाढून घेतलं. मेकअपच्या बाईने काहीतरी विषय काढला, तिच्याशी बोलत बसले. माझी कातर नाडीला बांधून गळ्यात असते, तशी ती तेव्हाही गळ्यात होती. ताटावर वाकले की ती ताटाला लागून वाजायची, म्हणून मी ती पदरात खोचली. एवढं मला आठवतं.

खाणीतून माणसं ये-जा करत होती. लाइटवाले वायरी ओढत होते, स्पॉटदादा खुर्च्या उचलत होते. कोणाला किसन दिसला नाही. काळ्या मांडवात, काळ्या दगडांत, काळ्या कपड्यातला माणूस दिसणार कसा? दोन महिने खपून आम्ही तो सूट केलाच होता तेवढ्यासाठी. सूट चांगला झाला होता.

धूरवाले जेवायला आलेच नव्हते. ते एकटेच परत कॅमेऱ्यापाशी गेले. पुढचा शॉट बघायला कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्यांना एक दगड जास्त दिसला. नंतर कॅमेरामनने मला हे सांगितलं. त्या अंधारात खाणीतला दगडन् दगड त्यांना पाठ होता. ते धावले. किसन आडवा पडला होता. कातर नाही, मावशी नाही. सेटिंगवाल्या सुताराची पटाशी पडली होती ती घेऊन त्यांनी मानेपासून पाठीपर्यंत सूट फाडला. पटाशी त्यांच्या डाव्या तळव्यात घुसली. ओरडा ऐकून मी पोचले तेव्हा किसनचं तोंड उघडं होतं, अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. मी गळ्यातली कातर हातात घेऊन उभी राहिले. कापायला काही उरलं नव्हतं.

किसनला खोपोलीला नेलं. जगला. बरेच दिवस पडून होता. पण तेव्हापासून त्याला ऊन सोसत नाही, चढावर चक्कर येते. डुप्लिकेटचं काम सुटलं. कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर वॉचमन म्हणून तो लागला, फाटकाशी सावलीत बसून राहायचं काम. कडा चढणारा माणूस.

दोन दिवसांनी साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मला विचारलं, “मावशी, अंगावर शिवायला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “सरांनी.”

साहेबांनी धूरवाल्यांकडे बघितलं. त्यांच्या हाताला बँडेज होतं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते म्हणाले, “हो. मी सांगितलं.” मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. सोडायला कोणी सांगितलं होतं, आणि कातर कुठे होती. तो प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. पिक्चर बंद पडला. अंधाराच्या नादात माणूस शिवून ठेवला, असं त्यांच्या नावावर लागलं ते लागलंच. नंतर कुठल्याही सेटवर त्यांचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवून म्हणायची, “नको ती आठवण.” त्यावरून लोक काय समजायचे ते मला ठाऊक होतं. मी समजू देत होते. किसनला तर मी तोंडही दाखवलं नाही. दिवाळीला त्याच्या बायकोला एक साडी पाठवायची, तीही दुसऱ्याच्या हाती. घरी सांगितलंय की बोंबील मला बाधतात.

हे सगळं आठवत मागून घेतलेले दोन दिवस गेले आणि शिरीष परत आला. मी आधी त्याला कामाचं सांगितलं. उजेडवाल्यांचा हिरो छत्री होईल, नंतरवाल्यांना माणूसच लागणार नाही. “काळं कळतं ते एकट्या धूरवाल्यांना. त्यांनाच घ्या.”

“पण मावशी, तो अपघात—”

मग मी सगळं सांगितलं. बोंबलासकट. सांगताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. शिरीष ऐकत होता आणि मधूनच मोबाइल उलटासुलटा करत होता. शेवटी त्याने विचारलं, “तेव्हा का नाही सांगितलंत?”

“काम गेलं असतं, शिरीष. आणि नंतर लाज वाटली. नंतर नंतर तर सवय झाली.”

“साहेबांना सांगू?”

“सांग. त्याच्यासाठीच सांगितलं.”

तो उठला. दाराशी चपला घातल्या आणि तडक रस्त्याला लागला. सुशीलाने विचारलं, “काय गं, रागवून गेला?” मी म्हटलं, “नाय गं. उशीर झालाय त्याला.”

आठ-दहा दिवसांनी फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. धूरवाले म्हणाले, “मावशी, सूट तुम्हीच करायचा.”

मी म्हटलं, “सर, मला आता काळ्यावर काळं दिसत नाही.”

“मग मशिनवर दुसऱ्याला बसवा. तुम्ही जवळ बसा.”

बसणं मला जमतंच. पण फोन ठेवायच्या आधी मी विचारून टाकलं, तुम्ही त्या दिवशी साहेबांना का नाही सांगितलंत? ते म्हणाले, “सेट माझा होता, मावशी. माणूस आत आहे की बाहेर, हे मी बघून मग दिव्यांकडे जायला हवं होतं. तेवढंच मला आठवत राहतं, बाकीचं नाही.” मग कापडाबद्दल बोलले. कर्जतला नमुने मिळतील की मुंबईहून आणवू, वगैरे.

सूट झाला. कर्जतच्या एका तरुण शिंप्याने मशिन चालवलं, मी जवळ बसून त्याला छळलं. पाठीला चेन नकोच होती, पुन्हा अंगावरच शिवायचं होतं. या वेळी मी कच्चा टाका घातला, एकाच अखंड दोऱ्याचा, आणि दोऱ्याचं टोक काखेखाली बाहेर काढून त्याला फास ठेवला. आतल्या माणसाने स्वतः हाताने ओढला की मानेपासून कमरेपर्यंत सगळी शिवण निघून येते. त्या फासाला मी लाल दोरा गाठला. काळा घेतला असता तर घाबरलेल्या माणसाला सापडला नसता. मुखवट्यालाही तसाच.

धूरवाल्यांनी कॅमेऱ्यातून बघितलं. डाव्या हाताने डोळ्यावरचा उजेड अडवला होता, तळव्यावर आडवा पांढरा वण. हा माणूस पाठीवरच्या चेनची रेघ खपवून घेत नव्हता, म्हणून मी जरा भीतभीतच म्हटलं, “सर, लाल दिसेल.”

“दिसतोय,” ते म्हणाले. पुन्हा डोळा लावला. बराच वेळ बघितलं. “दिसू दे.”

पहिल्या दिवशी सेटवर गेले. तशीच खाण, तसंच ताणलेलं काळं कापड, तोच बंद डब्यासारखा उकाडा. नवा डुप्लिकेट होता, बोलका, सारखे आपले फोटो काढणारा. मी त्याला चाचपत शिवला. आणि मागे वळले तर खुर्चीवर किसन. केस पिकलेले, हातात पाण्याची बाटली. धूरवाल्यांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, वेगळं काही काम नाही, फक्त सूटमधल्या माणसाकडे बघत बसायचं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मला तिथेच बसणं भाग होतं.

“बरी हायस का, मावशे?”

“बरी हाय रं. तू?”

“चाललंय.”

पुढे सकाळभर आम्ही त्या काळोखात शेजारी शेजारी बसलो होतो. तो डुप्लिकेटकडे बघत होता, मी माझ्या हातांकडे. मला त्याला सांगायचं होतं. काय ते नक्की होतं, पण सुरुवात कशी करायची ते कळेना. बारा वर्षं त्याला दगडावर बसवून ठेवल्यासारखं वाटत होतं.

मग जेवणाची सुट्टी झाली. लोक उठले. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, तेव्हा किसन डुप्लिकेटवरची नजर न काढता म्हणाला, “मावशे, दोन घास खायला जाशील तं कातर हितं ठेवून जा.”

मी परत खाली बसले. गळ्यातली नाडी डोक्यावरून काढायला गेले, पण ती माझ्या अंबाड्यात अडकली. दोनदा ओढली, निघेना. किसनने पाण्याची बाटली खाली ठेवली, उठला, आणि त्यानेच ती हलक्या हाताने सोडवली.